मोडलेला तुकडाही आणा

रावेरपासून शिरपूरपर्यंत, चाळीसगावपासून साक्रीपर्यंत गावोगावाहून आपापली हत्यारं पिशवीत घालून आपण सगळे जळगावात आलात.

 

आपण सगळे पोटापाण्यासाठी निरनिराळे उद्योग करतो. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी बँकेत. काहीजण भुसावळच्या रेल्वे कारखान्यातून, काही वरणगावच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले फिटर-टर्नर. बऱ्याच भगिनी घरातला मिक्सर, शिलाई मशीन, कूलर स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्या. जिन्याखाली, गोठ्याच्या कडेला किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली बसवलेला एक व्हाइस, दोन-चार कानशी, एक ग्राइंडर आणि जमलं तर इन्व्हर्टरवाली वेल्डिंग मशीन, एवढ्या भांडवलावर घडण-दुरुस्तीचा आपला हा छंद चालतो. तो आजवर आपण बहुधा एकेकट्यानेच केला. म्हणून हे संमेलन.

या छंदाचा आपल्या मातीतला सगळ्यात मोठा दाखला जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीचा. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी ज्या गावावरून जायची, तेच हे गाव. तिथले गोपाळ मल्हारी भिसे हे अल्पभूधारक शेतकरी. बैलजोडी पोसणं परवडत नव्हतं, आणि कोळपणी तर वेळेवर व्हायलाच हवी. सायकलवर केळीचे घड लादून नेणारा माणूस त्यांच्या नजरेस पडला. एवढं ओझं वाहणारं चाक कोळपं का वाहणार नाही, हा विचार त्यांच्या मनात आला. मग सायकलचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडल घेऊन त्यामागे त्यांनी कोळप्याची धारदार पास बसवली. ढकलत न्यायचं हे अवजार त्यांनी ‘कृषिराजा’ नावाने लोकांपुढे आणलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. आज सायकल-कोळपं महाराष्ट्रात कुठल्याही शिवारात दिसलं तरी कुणाला नवल वाटत नाही.

या अवजारात झाकलेलं काही नाही. कुठल्याही गावातला वेल्डर ते उभ्या उभ्या पाहून बनवू शकतो. पण पाहून बनवलेली काही कोळपी शेतात चालत नाहीत, हेही आपण पाहिलंय. पासेचा कोन जास्त उभा झाला की ती जमिनीत रुतते, जास्त आडवी झाली की वरून घसरत जाते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत वाफसा असतानाचा कोन एक, मुरमाड माळावरचा दुसरा. हँडलची उंची ढकलणाऱ्याच्या कंबरेच्या हिशोबाने ठेवली नाही, तर दुपारपर्यंत पाठ धरते. यातलं काहीच नुसतं बघून कळत नाही, करणाऱ्याने ते सांगावं लागतं. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की इथे वस्तू दाखवाल तेव्हा तिची मापंही सांगा. पत्रा किती गेजचा, रॉड कितीचा, करंट किती ठेवला, आधी काय करून पाहिलं आणि ते का सोडून दिलं, सगळं सांगा.

आणखी एक मागणं आमंत्रणपत्रिकेत छापलंच होतं: मोडलेला तुकडाही आणा.

कडबाकुट्टीचा तुटलेला शाफ्ट घ्या. आपण तो जोडून वेल्ड करतो, रंग मारतो आणि तुटलेलं तोंड कायमचं झाकून टाकतो. त्याआधी ते तोंड उन्हात धरून पाहा. एका कडेपासून आत सरकत गेलेला गुळगुळीत भाग दिसेल आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशी वलयं. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार. गुळगुळीत भागात चीर कित्येक दिवस हळूहळू वाढत होती आणि खरखरीत भाग शेवटच्या एका झटक्यात तुटला. वलयांचा माग काढत मागे गेलं की चीर कुठून निघाली ते सापडतं. पुष्कळदा ती चावीच्या खाचेच्या टोकदार कोपऱ्यातून निघालेली असते, किंवा जाड शाफ्ट बारीक होतो तिथल्या काटकोनातून. नवा शाफ्ट लेथवर घेताना तो कोपरा गोलाई देऊन काढला आणि दोन्ही बेरिंग एका रेषेत बसवले, तर तो टिकतो. नुसता वेल्ड केला, तर वेल्डशेजारी उष्णतेने कडक झालेल्या जागी पुन्हा तुटण्याची भीती राहते. दुरुस्त झालेल्या वस्तूपेक्षा हा तुटका तुकडा जास्त शिकवतो, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी मांडवाच्या मधोमध एक लांब टेबल फक्त मोडक्या तुकड्यांसाठी ठेवलंय.

वाटून घेणं खानदेशाला नवं नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि शेतकऱ्यांनीच नेमलेले पाटकरी नि जागले. वरच्याने खालच्याचं पाणी अडवायचं नाही, आणि पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. हुन्नराच्या बाबतीतही आपण असंच वागावं. ज्याला टॅप मारून आटे पाडणं जमतं त्याने ते शेजाऱ्याला शिकवावं, आणि शेजाऱ्याने टॅप तुटला तर तो कसा काढला ते सांगायला परत यावं.

आता ज्यांच्याकडून आपण हे सारं शिकलो त्यांच्याविषयी. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. तिथल्या भंगारात ट्रकच्या कमानीचे पाटे ढिगाने मिळतात. रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारे घिसाडी त्याच पाट्यांचे कोयते आणि कुऱ्हाडी घडवत आले. पाट्याचं पोलाद तापवताना लोहचुंबक चिकटेनासा झाला की साधारण 770 अंश झाले असं समजावं. त्याहून थोडं वर नेऊन ते तेलात बुडवावं, कारण पाण्यात या पोलादाला चीर जाऊ शकते. मग कानशीने घासून उजळवावं आणि पुन्हा हलकेच तापवावं. आधी फिकट गवती रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. कोयत्याला तपकिरी-जांभळ्यावर थांबावं. हे आकडे आपण पुस्तकात वाचतो. घिसाडी बाई घण मारता मारता आणि तिचा घरधनी सांडशी फिरवता फिरवता तोच रंग नजरेने ओळखतात. आपण त्यांचं काम पाहून शिकतो आणि आपल्या बोलण्यात त्यांचं नावही येत नाही, हे मला खटकतं. म्हणून मांडवातली पहिली जागा आम्ही त्यांना दिलीय, आणि प्रात्यक्षिकासाठी रीतसर मानधनही ठेवलंय. त्यांच्या भात्याजवळ बसा, विचारा, आणि विळा घ्याल तर घासाघीस करू नका.

जे शिकलो ते लिहूनही ठेवायला हवं. उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवातही सायकलपासूनच, बेळगावातल्या सायकलच्या दुकानात झाली. पुढे कडबाकुट्टी, मग लोखंडी नांगर, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी. 1920 मध्ये कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं. लोखंडाच्या कामाइतकंच त्याविषयी लिहिणंही महत्त्वाचं आहे, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. आपणही निघण्याआधी नोंदवहीत आपल्या एका कामाचं एक पान लिहून जावं.

सुरक्षिततेबद्दल बोलणं स्वागताध्यक्षाचं काम आहे की नाही मला ठाऊक नाही, पण मी बोलणार. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप वेल्ड करण्याआधी जोडाजवळचं जस्त घासून काढा. जस्त 907 अंशांना उकळतं, लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने तो टळत नाही. ग्राइंडरचं गार्ड काढू नका. पत्र्याचा कूलर उघडण्याआधी प्लग उपसा आणि जोडताना अर्थिंग तपासा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओल्या कूलरचा धक्का जिवावर बेततो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गॅसचा रेग्युलेटर या दोन वस्तू दुरुस्त करायच्याच नाहीत, बदलायच्या. इथल्या प्रात्यक्षिकांत काळ्या काचेशिवाय आर्ककडे कुणालाही पाहू दिलं जाणार नाही. आर्कने डोळे चुरचुरतात म्हणून बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवण्याची वेळ कुणावर येऊ नये.

दुपारी 1 वाजता जेवण आहे. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. लहान मुलांसाठी उजव्या बाजूला बिनविजेच्या हत्यारांची टेबलं मांडलीत. त्यांना कानस धरायला शिकवणारे दोन निवृत्त फिटर तिथे दिवसभर असतील. ज्यांनी मोडके तुकडे आणलेत त्यांनी त्यांना चिठ्ठी बांधून मधल्या टेबलावर ठेवावेत: कशाचा तुकडा, किती दिवस चालला, कुठे तुटला.