तांब्याचं भाडं, काचेचं भाडं



आयर्लंडमधल्या आमच्या घराबाहेर एक लाकडी खांब आहे. डांबर पाजलेला, समुद्राच्या वाऱ्यानं थोडा कललेला. त्यावरून घरात दोन तारा येतात. जाड, काळी, जुनी तार तांब्याची, आणि पेन्सिलीहून बारीक आहे ती फायबरची, म्हणजे काचेची. तांब्याची तार आता मुकी झाली आहे. सात वर्षं आम्ही तिचं बिल भरलं.

त्या बिलाची गंमत सांगतो. आम्हांला इंटरनेटचा वेग मिळायचा 4 मेगाबिट. गावात टेलिफोन एक्स्चेंजला लागून राहणाऱ्या मित्राला 70. बिल मात्र दोघांचं सारखं! गवळ्यानं लांबच्या घराला पाणी घातलेलं दूध द्यावं आणि भाव तोच लावावा, तशातला प्रकार. दोष तांब्याच्या स्वभावाचा. तार जितकी लांब, तितका सिग्नल वाटेत विरतो. त्यात इथली खेडी म्हणजे दाट वस्ती नव्हे. एकेका शेताच्या टोकाला एकेक घर, मध्ये दगडी बांध आणि मेंढरं.

या देशात तांब्यावरचं ब्रॉडबँड 2002 मध्ये आलं, तेव्हा महिन्याला शंभराहून जास्त युरो पडत. पुढे हा दर उतरला, पण लाइनचं भाडं सुटलं नाही. वर्षानुवर्षं ते महिन्याला 25 युरो 36 सेंट होतं. फोनवर धूळ बसली तरी भाडं चालूच. 2013 मध्ये एयरकॉम कंपनीनं ‘ई-फायबर’ नावाची सेवा आणली. रस्त्याच्या कडेच्या पेटीपर्यंत फायबर, आणि पेटीपासून घरापर्यंत तीच जुनी तांब्याची तार. नावात फायबर होतं, एवढं खरं.

आता जरा गुंतागुंतीचा प्रश्न. ही तांब्याची जाळी पसरली ती सरकारी पोस्ट आणि तार खात्याच्या काळात, जनतेच्या पैशातून. 1984 मध्ये खात्याची टेलिकॉम एरन, म्हणजे पुढची एयरकॉम, झाली. 1999 मध्ये तिचे शेअर विकायला काढले, तेव्हा पाच लाखांवर सामान्य माणसांनी ते घेतले आणि बहुतेकांचे हात पोळले. आपल्याच पैशानं टाकलेली तार लोकांनी दुसऱ्यांदा विकत घेतली, असं मी म्हणतो. अशी केव्हाच वसूल झालेली तार दुसऱ्या कंपनीला वापरायला द्यायची, तर भाडं किती? कमी ठेवलं, तर फायबर टाकायला कोण पुढे येणार? जास्त ठेवलं, तर गिऱ्हाइकानं जुन्या तारेचे पैसे तिसऱ्यांदा मोजायचे. युरोपियन कमिशननं 2013 मध्ये महिन्याला 8 ते 10 युरो असा पट्टा सुचवला. तो कंपन्यांचा आपसांतला घाऊक दर. आपल्या बिलात त्यावर कंपनीचा खर्च, नफा आणि 23 टक्के व्हॅट चढतो.

आणि फायबर? काच स्वस्त आहे. पैसे जातात खांबाला, खोदाईला आणि माणसांच्या हातांना. म्हणून आडगावात कंपन्या येईनात. शेवटी नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारनं राष्ट्रीय ब्रॉडबँड योजनेचा करार केला. साडेपाच लाखांच्या आसपास घरं-दुकानं, आणि सरकारी खर्चाची मर्यादा जवळजवळ 3 अब्ज युरो. त्या वेळचे पंतप्रधान लिओ वराडकर, म्हणजे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे नातू. त्याच वर्षी एयर, म्हणजे तीच जुनी एयरकॉम, संसदेच्या समितीपुढे म्हणाली होती की हे काम आम्ही अब्जाच्या आत करू. सरकारला ते पटलं नाही. वाद अजून रंगतात. मला मात्र योजनेतली एक गोष्ट मोलाची वाटते. डोंगरातल्या घरानं डब्लिनपेक्षा जास्त दर द्यायचा नाही.

आमच्याकडे फायबर जोडायला एक तरुण आला. ओट्यावर त्यानं छोटं यंत्र मांडलं, तारेची साल सोलली, केसाएवढी काच पुसून कापली. यंत्राच्या पडद्यावर दोन केस समोरासमोर आले, ठिणगी पडली आणि दोन्हींचा एक झाला. एवढंच. 500 मेगाबिट. आणि बिल? तांब्याइतकंच! फक्त कराराची मुदत संपली तशी रक्कम उडी मारून वर गेली. मी फोन करून ‘सोडतो’ म्हटलं, आणि ती खाली आली. न म्हणणाऱ्यांच्या खिशातून किती जात असेल, कोण जाणे.

जानेवारी 2025 मध्ये एओविन वादळ आलं. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी 180 किलोमीटरच्या वर गेला, साडेसात लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात. आमची काचेची तार शाबूत होती, पण वीज नाही म्हणून राउटर मेलेला. मोबाइलला रेंज नव्हती. शेजारच्या वृद्ध बाईंनी तांब्याची लाइन ठेवली आहे. तिला वीज एक्स्चेंजकडूनच मिळते. त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीत, मेणबत्तीच्या उजेडात, मी आईला पुण्याला फोन लावला. पैसे देऊ केले तर त्यांनी हात झटकला. लाइनचं भाडं कधीचं भरलेलं आहे, म्हणाल्या.