नाट्यलेखनाची स्पर्धा आणि आपली महाविद्यालयीन मुले
(करडी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी नाट्यलेखनाच्या स्पर्धेत उतरावे काय, या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. नाटकाच्या नादाने मुलगा बिघडतो, अशी आपल्यातील पुष्कळ पालकांची समजूत आहे. परंतु धान घरात आले, की मंडईला अथवा शंकरपटाच्या रात्री तिकीट काढून पहाटेपर्यंत मंडपात बसणारेही आपणच! नाटक पाहावे, मात्र ते लिहिणारा आपल्या घरी निपजू नये, हा न्याय मला तरी उमगत नाही.

बक्षिसासाठी नाटक लिहून पाठविणे ही काही आजची टूम नव्हे. सन १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे सादर केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. एक कुणबी जोडपे, त्यास नाडणारा जोशी आणि अखेरीस त्या जोडप्याचे शाळेकडे वळणे, असा त्यातील विषय. कमिटीने नाटक नाकारले. ते छापून प्रसिद्ध झाले १९७९ साली! नाकारणाऱ्यांची नावे आज कोणास ठाऊक आहेत?

पुण्यास महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा चालविली आहे. तीत भपक्यापेक्षा लेखन, दिग्दर्शन व अभिनय यांचे मोल अधिक धरतात. आपल्यासारख्या बेताच्या स्थितीतील मुलांस ही गोष्ट फार अनुकूल होय. वही आणि लेखणीस कितीसा खर्च येतो? मात्र कसोटी कठोर आहे. २०२२ मध्ये एकही एकांकिका त्या योग्यतेची न वाटल्याने परीक्षकांनी करंडक कोणासही दिला नाही. मला तो निर्णय आवडला.

आता लिहावे काय? आमची मुले लेखणी हाती घेताच पुण्या-मुंबईचा दिवाणखाना मांडतात आणि पात्रांच्या तोंडी पाठ्यपुस्तकातील भाषा घालतात. निबंध तपासण्यात माझी हयात गेली. परकी भाषा पहिल्या ओळीतच उघडी पडते. महेश एलकुंचवार यांनी ‘वाडा चिरेबंदी’ मध्ये विदर्भातील एका खेड्यातील देशपांड्यांचे घर रंगभूमीवर आणले, वऱ्हाडी बोलीसह आणले. तो वाडा झाला. आमची बांधी अद्याप यावयाची आहे. रोवणीला जाणाऱ्या बायकांची मजुरी, मामा तलावाच्या पाण्यावरून तुटलेली भावकी, गोसीखुर्द धरणापायी उठलेली गावे, यांत नाटक नाही असे कोण म्हणेल? आणि झाडीबोलीची लाज कसली? दंडार पाहून हसणारे-रडणारे लोक त्याच बोलीचे आहेत. परशुराम खुणे यांस झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील सेवेसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती काही भाषा बदलून नव्हे.

मुलींविषयी स्वतंत्र सांगतो. तालमीस रात्री थांबू देणे अवघड वाटत असेल, तर निदान लिहिण्यास कोणी अडवू नये. स्वयंपाकघरातील संवाद त्यांच्याइतके कोणी ऐकलेले नाहीत.

माझी मंडळास एकच विनंती आहे. भंडारा-तुमसरकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या संहिता उन्हाळ्याच्या सुटीत मागवाव्यात, मेळाव्यात मोठ्याने वाचाव्यात आणि टंकलेखनाचा खर्च मंडळाने सोसावा. जाहीर प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. त्या अर्जाचे काम, प्रकृती साथ देईल तोवर, मी करीन.