विमान सुटतं, जामीनदार सुटत नाही

मी बोलतोय पिंपरीच्या संत तुकाराम नगरमधून. मध्येच मेट्रोचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय जरा अडचणीचा आहे, चारचौघांत कुणी काढत नाही. परदेशात निघताना इथली देणी तशीच सोडून जाणं.

माझ्या वयाच्या पोरांमध्ये हा हिशोब बऱ्याचदा कानावर पडतो. जर्मनीचा नाहीतर कॅनडाचा व्हिसा हातात आलाय. क्रेडिट कार्डावर दीड लाख आहेत, एका अ‍ॅपचं पर्सनल लोन आहे, रूममेटचे वीस हजार आहेत. मग कुणीतरी म्हणतं, "सिम बंद केलं की विषय संपला रे! मल्ल्या गेला, तुझं कोण काय करणार?"

ठीक आहे, मल्ल्यापासूनच सुरू करू. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये देशाबाहेर गेला, नीरव मोदी जानेवारी २०१८ मध्ये. त्याच वर्षी फरार आर्थिक गुन्हेगारांसाठी कायदा आला, पण तो १०० कोटी आणि त्यावरच्या प्रकरणांसाठी. तुमच्या दीड लाखासाठी सरकार लंडनच्या कोर्टात वकील उभा करणार नाही, हे खरं. नुसता हप्ता थकला म्हणून विमानतळावर बेड्या पडत नाहीत, हेही खरं. सरकारी बँकांना लुकआउट सर्क्युलर मागायचा जो अधिकार दिला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवला. कोर्टानं किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणानं तुम्हाला रोखलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

म्हणजे रान मोकळं? नाही. तीन गोष्टी बघा.

पहिली, मुदतीची. "तीन वर्षं झाली की दावा लावता येत नाही" असं सगळे सांगतात. हातउसन्या पैशांना आणि साध्या कर्जाला ३ वर्षांची मुदत असते, बरोबर. पण १९६३ च्या मुदत कायद्यात कलम १५ आहे. कर्जदार भारताबाहेर असतो तो काळ या मोजणीतून वगळायचा, असं ते सांगतं. तुम्ही पाच वर्षं बर्लिनला राहिलात, तर ती पाच वर्षं धरायचीच नाहीत. घड्याळ तुम्हीच थांबवून गेलात!

दुसरी, ईएमआयची. चेक परत गेला तर कलम १३८ लागतं, हे आपल्या आईवडिलांच्या पिढीला पाठ आहे. आपण चेक लिहितो कुठे? आपण ऑटो-डेबिट चालू करतो. तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याचं कलम २५ वाचा. खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं, तर तोही गुन्हा होऊ शकतो, आणि त्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड आहे. समन्स येतं ते इथल्या घराच्या पत्त्यावर. दार उघडते आई.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. जामीनदार.

१८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे. जेवढी जबाबदारी कर्जदाराची, तेवढीच जामीनदाराची. आधी कर्जदाराला शोधा, तो सापडलाच नाही तर माझ्याकडे या, असं जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. कर्जदार फ्रँकफर्टला आणि जामीनदार पिंपरीत, तर पैसे घेणारा कुणाच्या दारात जाईल?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या पट्ट्यात कामगारांच्या पतसंस्था आहेत. कर्ज पाहिजे तर दोन सभासद जामीन लागतात, आणि सभासद म्हणजे शेजारच्या मशीनवरचाच माणूस. माझे बाबा असेच एका सहकाऱ्याला जामीन राहिले. चांगला पोरगा होता, घरी जेवायला यायचा, मला गणित शिकवायचा. त्याला आखातात नोकरी लागली. आम्ही पेढे खाल्ले. चार महिन्यांनी हप्ते थांबले, आणि मग त्याचा फोनही लागेना.

सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला, की तो जामीनदारावरही चालतो. बाबांच्या पगारातून महिन्याला ६ हजार कापले जायला लागले. २२ महिने. दुसऱ्या जामीनदाराचेही तेवढेच. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि त्या वर्षी फीसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

जामीनदारानं भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागायचा हक्क कायदा देतो. पण रोज शिफ्टला जाणारा माणूस परदेशातल्या माणसावर दावा कधी लावणार?

पैसे फिटले हो. पण पुढच्या वर्षी दुसरे एक काका आले. मुलीचं ऑपरेशन होतं, नुसती सही पाहिजे होती. खरी गरज होती, माणूसही सरळ. बाबांनी सही केली नाही. ते गेल्यावर बाबा बराच वेळ गॅलरीत उभे होते. पळून गेलेल्या माणसानं १ लाख ३२ हजार नेले, हा हिशोब सोपा आहे. त्या काकांना जी सही मिळाली नाही, ती कुठल्या खात्यात मांडायची?

आता आमच्या नगराला ज्यांचं नाव आहे त्यांच्याबद्दल. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. कर्ज बुडवायचं समर्थन करताना हीच गोष्ट पुढे करणारेही मी पाहिलेत! पण गोष्ट नीट ऐका. खतं बुडवली ती सावकारानं, कर्जदारानं नाही. आणि तुकोबांनी फक्त आपल्या वाट्याची बुडवली. धाकटे भाऊ कान्होबा यांच्या वाट्याची त्यांना दिली. दुसऱ्याचं सोडून द्यायचा हक्क तुकोबांनीही घेतला नाही. आणि आपण बाबांच्या मित्राची सही बुडवून निघायचं?

मग ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्यानं काय करायचं? जाऊ नये? अजिबात नाही. जरूर जा, फेडायची सोय तिथेच होणार आहे. फक्त निघायच्या आधी एवढं करा.

सिबिल रिपोर्ट काढा, म्हणजे विसरलेलं कार्डसुद्धा दिसेल. बाहेर राहायला गेल्यावर नेहमीचं बचत खातं एनआरओ करावं लागतं, तेव्हा ऑटो-डेबिट नव्या खात्याला जोडलंय ना, हे बघा. तीन-चार हप्ते खात्यात ठेवून जा, कारण पहिला पगार हातात येईपर्यंत वेळ जातो. बँकेला नवा पत्ता आणि ईमेल लेखी कळवा. हप्ता झेपत नसेल तर थकायच्या आधी मुदत वाढवून मागा. जामीनदाराला स्वतः भेटा, उरलेली रक्कम सांगा, तिकडचा नंबर द्या. मित्रांची उधारी कागदावर लिहा आणि प्रत्येकाला तारीख सांगा.

घरच्यांनाही एक सांगून ठेवा. थकलेल्या कर्जासाठी वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना धमकवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. आईवडिलांना हे माहीत असू द्या.

यातलं सगळ्यात अवघड काम जामीनदाराला भेटायचं. लाज वाटते, शब्द फुटत नाहीत. पण ज्यानं तुमच्यासाठी सही केली, त्याला तुम्ही चाललाय हे तुमच्या स्टेटसवरून कळू नये. एवढं तरी कराच.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.