कणगी आणि झरा



आज आम्ही एका प्रश्नाचे उत्तर द्यायला उभे आहोत. मागच्या आठवड्यात रात्रीच्या वर्गातल्या एका ताईंनी आम्हाला थांबवले. त्यांच्या हातात मुलाचे शाळेचे पुस्तक होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं विचारतंय, आई, याचा अर्थ काय? मी अक्षर अक्षर लावून वाचलं. वाचता आलं, पण कळलं नाही."

शब्द असे होते : 'नवीकरणीय ऊर्जा' आणि 'अनवीकरणीय ऊर्जा'.

ताई, तुमचे चुकले नाही. शब्द फार जड आहेत. पण त्यांच्या आत जी गोष्ट आहे ती तुम्हाला आम्हा मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. कारण चूल तुम्ही पेटवता.

आधी ऊर्जा म्हणजे काय ते पाहू. ऊर्जा म्हणजे काम करण्याची शक्ती. भाकरी भाजायला आच लागते. मोट ओढायला बैलाचे बळ लागे, आता मोटारीला वीज लागते. एस. टी. चालायला तेल लागते. आच, बळ, वीज, तेलातली शक्ती ही सगळी ऊर्जेचीच रूपे. ऊर्जेवाचून घरातले एक काम होत नाही.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आणा. पहिल्या घरात आजोबांनी भरून ठेवलेली मोठी कणगी आहे. पण शेत विकले गेले आहे. नवे पीक येणार नाही. रोज दोन शेर धान्य काढायचे आणि खायचे. कणगी कितीही मोठी असो, एक दिवस तळ दिसणारच.

दुसऱ्या घरामागे विहीर आहे. तिला जिवंत झरा आहे. संध्याकाळी पाणी काढले, तरी सकाळी विहीर पुन्हा भरते.

झाले! कणगी म्हणजे अनवीकरणीय, पुन्हा न भरणारी. झरा म्हणजे नवीकरणीय, पुन्हा भरणारा. मुलाला एवढे सांगितलेत तरी त्याला अर्थ कळेल. पण तुम्ही मोठी माणसे आहात. तुम्हाला थोडे पुढे नेले पाहिजे.

कणगीत काय काय आहे? पहिला कोळसा. आपल्या चंद्रपूरकडे, वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळसा आहे. तो आला कुठून? पंचवीस कोटी वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी तिथे दलदलीत दाट वने होती. झाडे पडली, चिखलात गाडली गेली. वर मातीचे थरावर थर बसले. दाब आणि उष्णता यांनी त्या लाकडाचा कोळसा झाला. तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. इतक्या वर्षांनी जे तयार झाले, ते आपण एका दुपारी जाळतो. ते पुन्हा व्हायला आणखी कोट्यवधी वर्षे लागतील. तेवढे कोण थांबणार?

दुसरे खनिज तेल. पेट्रोल, डिझेल, रॉकेल ही त्याचीच लेकरे. समुद्रातले बारीक जीव गाडले जाऊन ते झाले. आपल्या मुंबईजवळ समुद्रात 1974 साली तेल सापडले. त्या जागेला मुंबई हाय म्हणतात. तेथून आजही तेल निघते, पण देशाची भूक फार मोठी. आपल्याला लागणाऱ्या तेलापैकी पाचात चार वाट्यांहून जास्त तेल बाहेरच्या देशांकडून विकत घ्यावे लागते. म्हणजे ही कणगी आपल्या घरातलीसुद्धा नाही, शेजाऱ्याची आहे. त्याने भाव वाढवला की आपल्या गावच्या ट्रॅक्टरची नांगरट महाग होते. तिसरा जमिनीतला गॅस. तोही कणगीतलाच.

आता वीज कशी होते ते ऐका. आमच्या आईच्या घरी जाते होते. जात्याला कोणीही हात लावा, सासू फिरवो की सून, पीठ तेच पडते. विजेचेही तसेच आहे. वीजघरात एक मोठे चाक असते. ते फिरले की त्याला जोडलेल्या जनित्रात वीज तयार होते. प्रश्न एवढाच, की चाक फिरवतो कोण?

चंद्रपूरच्या वीजघरात कोळसा जाळतात. त्यावर पाण्याची वाफ करतात. ती वाफ जोराने चाकावर सोडतात. चाक फिरते. कोळसा संपला की फिरवणारा हात गेला.

कोयनेला हेच काम पाणी करते. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना नदीवर धरण आहे. ते पाणी डोंगरातल्या बोगद्यातून खाली कोकणात पोफळीकडे सोडतात. उंचावरून पडणारे पाणी चाक फिरवते. 1962 सालापासून तेथे वीज होते आहे. आज कोयनेच्या सर्व वीजघरांची शक्ती मिळून 1,960 मेगावॅट आहे. एक मेगावॅट म्हणजे दहा वॅटचे एक लाख दिवे एकदम लावता येतील एवढी. यावरून अंदाज करा. आणि पाणी तर दर पावसाळ्यात परत येते. ऊन समुद्राचे पाणी वर उचलते, वारा ढग आणतो, सह्याद्री त्यांना अडवतो. हा झरा.

त्याच पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तेथे वारा चाक फिरवतो. आणि त्याच तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 साली राज्यातले पहिले सौरग्राम झाली. सौर म्हणजे सूर्याचे. छपरावरच्या निळ्या-काळ्या तावदानावर ऊन पडले की त्यातच वीज तयार होते. तिथे चाकही नाही आणि धूरही नाही. पाणी, वारा, ऊन! पहा, एका तालुक्यात तीन झरे.

तुम्ही म्हणाल, "मग गुरुजी, कणगीला हात कशाला लावायचा? झऱ्याचंच पाणी प्यावं." बरोबर आहे. पण खरे ते सगळे सांगितले पाहिजे. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली. तिथल्या लोकांना घर, शेत, देऊळ सोडून दूर जावे लागले. आपल्या घरातला दिवा त्यांच्या अंधारावर लागला, हे विसरू नये. वारा बाराही महिने सारखा वाहत नाही. ऊन रात्री नसते. रात्रीसाठी वीज बॅटरीत साठवावी लागते आणि बॅटरीला पैसे पडतात. म्हणून आजही आपल्या देशातली बरीचशी वीज कोळशावर होते. झऱ्याचा वाटा वाढतो आहे, पण कणगी अजून उघडीच आहे.

कोळसा नुसता संपतो एवढेच त्याचे दुखणे नाही. आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. त्याचा धूर हवेत जातो. त्या धुरातला एक वायू पृथ्वीभोवती घोंगडीसारखा बसतो आणि उष्णता धरून ठेवतो. त्याने ऋतूंचे गणित बिघडते. पाऊस कधी येतो, कधी येत नाही, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे?

आता सरपणाचे बोलू. लाकूड कणगीतले की झऱ्यातले? आम्ही शाळेत हा प्रश्न विचारला की मुले ओरडत, "झऱ्यातले, गुरुजी! झाड पुन्हा उगवते." आम्ही त्यांना मग आमच्याच घरची एक गोष्ट सांगत असू. ती आज तुम्हालाही सांगतो.

1972 साली मोठा दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होतो. वडील खडी फोडायच्या कामावर जात. आमच्या गावामागे एक टेकडी होती. तिच्यावर धावडा होता, पळस होता. आई तेथून सुक्या काटक्या आणी. दुष्काळात सगळ्या गावाने टेकडीला हात घातला. आधी फांद्या गेल्या. मग खोडे गेली. शेवटी कुदळी घेऊन लोक बुंधे खणू लागले. आम्हीही आईबरोबर जाऊन मुळ्या खणल्या. मूळ चांगले जळते, निखारा टिकतो. आम्हाला त्या दिवशी मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले. आईने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "शहाणा माझा."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. टेकडीच्या वरच्या अंगाला, जिथे कोणी पोहोचले नव्हते, तिथे बुंध्यांना धुमारे फुटले. चार-पाच वर्षांत तिथे पुन्हा सावली झाली. आम्ही खणले होते तिथे काही उगवले नाही. माती सुटी झाली होती, ती पावसाने ओढ्यात नेली. खाली खडक उघडा पडला. त्यानंतर आई सरपणाला दोन कोस जात असे. भारा डोक्यावर घेऊन ती परत येई तेव्हा दिवे लागलेले असत. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. पोट जाळण्यासाठी केले, दुसरा मार्ग नव्हता. पण तो खडक आजही उघडा आहे. गावी गेलो की आम्ही तिकडे पाहतो आणि मान खाली घालतो.

म्हणून सांगतो. झरासुद्धा कणगी होऊ शकतो. झाड वाढते त्याच्यापेक्षा जास्त तोडले की झरा आटतो. फांदी घ्या, बुंधा ठेवा. पुस्तकात 'नवीकरणीय' लिहिले आहे, पण त्या शब्दाला आपल्या हाताची साथ हवी.

हेच सौर पंपाचे. सौर पंप चांगला. आमचे कितीतरी शेतकरी भाऊ रात्री-अपरात्री वीज येते म्हणून अंधारात मोटार चालू करायला जातात. वाटेत विंचू-काट्याचे भय. सौर पंप दिवसा चालतो, विजेचे बिल नाही. पण फुकट आहे म्हणून तो दिवसभर चालू ठेवला तर काय होईल? ऊन संपणार नाही, पण विहीर संपेल. ऊन जरी झरा असले, तरी खालच्या पाण्याचा हिशेब ठेवावाच लागतो.

आता घरात करता येईल असे दोन उपाय सांगतो.

पहिला शेणाचा. गोवरी जाळली की आच मिळते, पण खत जाते. गोबरगॅसमध्ये दोन्ही मिळते. बंद टाकीत शेण आणि पाणी कालवून घातले की ते कुजते आणि जळणारा वायू निघतो. चार-पाच जनावरांचे रोजचे पन्नास किलो शेण असेल तर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. उरलेला रबडा शेताला उत्तम खत. आईच्या डोळ्यांत धूर जात नाही. मात्र जनावरे असली तरच हे जमते. आमच्या घरी गोबरगॅस होता. पुढे आम्ही बैल विकले आणि टाकी रिकामी पडली. तेव्हा गोठ्याकडे पाहून मगच टाकी बांधा.

दुसरा उपाय दिव्याचा. हिशेब वहीत मांडा. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट वीज जाते. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटही जात नाही. साडेसात युनिट वाचले. एका युनिटला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे एका दिव्यामागे महिन्याला चार-पाच किलो कोळसा कणगीतच राहिला. बिलही कमी आले. गावात दोनशे घरे असली तर किती? हे गणित मुलाकडून करून घ्या. त्याला वाटेल, आई आपला अभ्यास घेते आहे.

मंडळी, आता मुलाने विचारले तर घाबरू नका. त्याला दोनच प्रश्न विचारायला शिकवा. हे जाळले तर परत येईल का? आणि येणार असेल, तर आपण त्याला परत यायला वेळ देतो आहोत का? कोळसा पहिल्याच प्रश्नाला नापास होतो. लाकूड आणि विहीर पहिल्याला पास होतात, पण दुसऱ्याला आपण त्यांना नापास करतो. ऊन आणि वारा दोन्हीला पास.

उद्याच्या वर्गाला येताना प्रत्येकाने एक काम करून यावे. आज आपल्या घरात काय काय जळले ते वहीत लिहावे. सरपण, गोवरी, गॅस, वीज, डिझेल, जे असेल ते. प्रत्येकापुढे 'कणगी' किंवा 'झरा' असे लिहावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. ज्या ताईंनी प्रश्न विचारला, त्यांची वही आम्ही सगळ्यांत आधी पाहणार आहोत.