थांबायला जागा

(महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यातील वडीलधाऱ्यांनी 'जिप्सी स्मिथ' हे नाव ऐकले असेल. हा मोठा सुवार्तिक 1860 साली इंग्लंडमध्ये एका पालात जन्मला. तो रोमानी होता. तो लहान असताना कुटुंबात देवीचा रोग निघाला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना ताबडतोब गावाबाहेर जायला सांगितले. एका आडवाटेच्या कडेला त्यांनी मुक्काम केला. तिथेच त्याची आई वारली.

रोमानी लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', कानाला 'कान' आणि माणसाला 'मनुष' म्हणतात. इंग्लंडने त्यांना हाकलण्याचा पहिला कायदा 1530 साली केला. तेव्हापासून प्रश्न एकच आहे : रात्री गाडी कुठे उभी करायची?

1968 च्या कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांवर या फिरत्या कुटुंबांसाठी तळ बांधण्याची जबाबदारी टाकली. 1994 साली ती जबाबदारीच काढून घेतली. 2022 च्या कायद्याने तर परवानगीशिवाय मुक्काम करणाऱ्यावर, त्रास किंवा नुकसान होईल असे पोलिसांना वाटले तरी, कारवाई होऊ शकते. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, गाडी जप्त होऊ शकते. ती गाडी म्हणजेच त्यांचे घर. एकदा उठवले की त्या जागी बारा महिने परत यायचे नाही, असेही त्या कायद्याने ठरवले; पूर्वी ही मुदत तीन महिने होती. मे 2024 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितले की पुरेसे तळच नसताना ही वाढवलेली मुदत मानवी हक्कांशी विसंगत आहे.

आता यातला फेरा पाहा. मुक्काम हलतो म्हणून मुलांची शाळा तुटते. पत्ता नाही म्हणून दवाखान्यात नाव घालायला अडचण येते. कचरागाडी येत नाही म्हणून कचरा साठतो. मग शेजारी म्हणतात, "हे लोक घाण करतात, यांना हलवा." आणि मुक्काम पुन्हा हलतो.

हा फेरा तोडता येतो. लीड्स शहरात नगरपालिका हाकलण्याऐवजी बोलणी करते. ठरलेल्या जागी ठरलेले दिवस राहायचे. पालिकेने शौचालय व कचऱ्याची सोय करायची. कुटुंबांनी जागा नीट ठेवायची. हाकलण्यावर होणारा पालिकेचा खर्चही वाचला.

हे दूरदेशीचे दुःख आहे का? 1871 साली इंग्रज सरकारने इथल्या अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही त्यांना हजेरी लावली, कुंपणात ठेवले. सोलापूरची अशी वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनने चालवली. तिथे शाळा होती, काम होते. पण कुंपणही होते. हे आपण नम्रपणे कबूल केले पाहिजे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. संशय मात्र गेला नाही. आजही गावकुसाबाहेर पाल पडले की आपण आधी कोंबड्या मोजतो.

आपला पिता अब्राहाम तंबूत राहणारा होता. बेथलेहेमात प्रभूच्या आईलाही उतरायला जागा मिळाली नाही. हे आपण दर नाताळात सांगतो.

म्हणून माझी विनंती साधी आहे. सुगी आटोपली की आपल्या गावाजवळ पाले येतील. पोलीस पाटलांकडे तक्रार जाण्याआधी आपल्यापैकी दोघींनी तिथे जावे. किती दिवस मुक्काम आहे, पाणी कुठून आणता, मुले किती, हे विचारावे. मंडळीच्या आवारातला नळ त्यांना खुला करावा. मुलांना शाळेत बसवण्यासाठी गुरुजींशी बोलावे. ग्रामपंचायतीत त्यांच्या बाजूने एक शब्द टाकावा.

एवढे केले तर त्यांचा एक मुक्काम तरी भीतीवाचून होईल. प्रभू आपल्याला तसे मन देवो. आमेन.