ब्रेकमधली हवा

आज बचतीचा किंवा कर्जाचा विषय नाही. आज गाडीच्या ब्रेकबद्दल बोलायचंय. हसू नका. गटाचा माल ज्या गाडीतून बाजाराला जातो, त्याच गाडीत आपणही बसतो.

आमच्या गटाने एक जुनी व्हॅन घेतली. दिवाळीच्या आधी चटण्या आणि पापड घेऊन आम्ही पाटणहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघालो होतो. गाडी माझी धाकटी जाऊ चालवत होती. उतार लागला तशी ती म्हणाली, "जाऊबाई, ब्रेक मऊ लागतोय. पाय खाली जातोय." दोनदा-तीनदा दाबला की मग ब्रेक लागायचा. तिने गिअर कमी केला, जागा बघून गाडी कडेला घेतली. आम्ही चाकांना दगड लावले. माल दुसऱ्या टेम्पोने पाठवला. भाड्याचे पैसे गेले, पण आम्ही सगळ्याजणी घरी आलो.

मेकॅनिकदादा म्हणाले, ब्रेकमध्ये हवा आहे. म्हणजे काय, ते सोपं आहे. औषधाची सिरिंज पाण्याने भरा, टोकाला बोट लावा आणि दाबा. दट्ट्या हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा भरून दाबा. दट्ट्या आत जातो. पेडलपासून चाकापर्यंतच्या नळीत ब्रेक ऑइल असतं. त्यात हवा शिरली की आपल्या पायाचा जोर हवा दाबण्यातच जातो. ऑइल कमी झालं, कुठे गळती लागली किंवा दुरुस्तीत नळी उघडली की हवा शिरते. जुनं ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. मग घाटात सारखा ब्रेक दाबला की ते तापून उकळतं आणि त्याची वाफ होते. म्हणून उताराला गाडी लहान गिअरमध्येच ठेवा.

ही हवा दोघीजणी काढू शकतात. पहिल्यांदा मात्र जाणकार माणूस शेजारी उभा असू द्या. लागतं काय? निप्पलला नीट बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक बाटली आणि ब्रेक ऑइलची नवी सीलबंद बाटली. डॉट ३ की डॉट ४, ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तेच घ्या.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद. चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका, खाली स्टँड हवाच. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्याकडे बहुतेक वेळा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच धरा.

निप्पलला नळी लावा. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेलीने पेडल तीन-चार वेळा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "धरलंय." खालचीने निप्पल पाव फेरा सैल करायचं. पेडल खाली जाईल, पण पाय उचलायचा नाही. खालचीने निप्पल आवळून "सोड" म्हटलं की मगच उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहायचं.

आमची चूक सांगते. आम्ही बुडबुडेच बघत बसलो आणि वरच्या डबीतलं ऑइल संपलं. नवी हवा शिरली, चारही चाकं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पाच-सहा वेळा दाबलं की डबी बघा, भरा. निघालेलं ऑइल परत घालू नका. ते रंग खातं. अंगावर किंवा गाडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आता कुठे थांबायचं तेही ऐका. नळीला किंवा चाकाला ओल दिसली, पाय ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं, किंवा हवा काढूनही मऊच राहिलं, तर गाडी हलवू नका, मेकॅनिकला बोलवा. एबीएसच्या काही गाड्यांना गॅरेजमधलं मशीन लागतं, तिथे आपण हात घालू नये. काम झाल्यावर इंजिन सुरू करून पेडल दाबून बघा. मग मोकळ्या सपाट जागी चालीच्या वेगाने ब्रेक तपासा. माणसं त्यानंतर बसवा.

त्या दिवशी जावेने "मऊ लागतोय" म्हटलं आणि आम्ही ऐकलं. "पोचू गं कसंतरी" म्हटलं असतं तर? आमच्या गटाच्या हिशेबाच्या वहीत आता ब्रेक ऑइल बदलल्याची तारीखही असते. तुमच्या गाडीची तारीख कुणाला आठवते का? पुढच्या बैठकीत विचारा.