नखाखालची गाठ



बोटाच्या नखाखाली मोहरीएवढी गाठ होते, वरून फारसे काही दिसत नाही, आणि तरीही गार पाण्याचा स्पर्श होताच माणूस कळवळतो, अशा एका विरळ व्याधीविषयी आज बोलावयाचे आहे.

तिचे नाव ग्लोमस ट्यूमर.

हे नाव ऐकून धास्तावू नये. ही गाठ जवळजवळ नेहमीच सौम्य असते, ती कर्करोग नव्हे.

बोटांच्या अग्रांशी, त्वचेतील रक्तप्रवाहाचे नियमन करून उष्णता राखणारी जी सूक्ष्म यंत्रणा असते, तिच्याच पेशी वाढून ही गाठ बनते.

पिएर मासाँ या फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञाने १९२४ साली तिचे स्वरूप उलगडले.

लक्षणे तीन.

गारव्याने कळ येते.
एकाच बिंदूवर दाबल्यास असह्य दुखते.
आणि मधूनच, विनाकारण, ठणका लागतो.

टाचणीचे डोके नखावर ठिकठिकाणी हलकेच दाबले, की नेमक्या जागी रुग्ण हात झटकन मागे घेतो. ही साधी तपासणी मला मोठी मोलाची वाटते.

कारण सूज नाही, जखम नाही, म्हणून कित्येकांचे, विशेषतः मध्यमवयीन स्त्रियांचे दुखणे ‘मनाचे खेळ’ ठरविले जाते, आणि त्यात वर्षे जातात. हा अन्याय आहे.

इलाज शस्त्रक्रियेचा.
गाठ समूळ निघाली, की वेदना बहुधा थांबते. अंश राहिल्यास गाठ पुन्हा उद्भवू शकते.

पुन्हा सांगतो : ही गाठ सौम्य आहे, पण दुखणे खरे आहे.

असे बोट घरात कुणाचे दुखत असेल, तर त्यांना हाताच्या शल्यविशारदाकडे अवश्य न्यावे.